हात धुण्याआधी अंतर मोजा

निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, खानापूर आणि बेळगाव शहरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे सर्व पाळक आणि कमिटीचे वडील यांस

प्रिय पाळकसाहेब आणि वडील बंधूंनो,

प्रभूच्या नावाने सलाम.

गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाला कमिटीचे पत्र आले. तीन ओळींचे. वार्षिक संमेलनासाठी आम्ही एक विषय सुचवला होता: 'सहावी आज्ञा आणि पोटातल्या लेकी'; सहावी आज्ञा म्हणजे 'खून करू नको'. उत्तरात लिहिले होते की हा विषय उपासनेच्या ठिकाणी शोभत नाही, आपल्या लोकांत असे प्रकार होत नाहीत, तरी भगिनींनी ख्रिस्ती घर आणि आतिथ्य हा विषय घ्यावा. खाली सही आणि शिक्का.

ते पत्र मी दोनदा वाचले आणि घडी घालून बायबलात ठेवले, अनुवाद या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात. तिथेच का, ते पुढे सांगते. हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण आतल्या आत लिहिलेल्या पत्राला तीन ओळींचे उत्तर मिळते हे आता कळले आहे. आणि हा प्रश्न एका मंडळीचा नाही.

मी निवृत्त परिचारिका आहे. मिरजेत शिकले, नोकरी सगळी सीमेच्या अलीकडे, कर्नाटकात केली, सरकारी दवाखान्यांत, पस्तीस वर्षे. माझ्या हातांवर जन्मलेली मुले आज आपल्या चर्चमध्ये गायनमंडळात उभी असतात. मी स्वतः चौथी मुलगी. माझ्या जन्मानंतर शेजारपाजारचे लोक वडिलांना समजावायला आले होते, घरात मयत झाल्यासारखे. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. पुढच्या रविवारी त्यांनी उपकारस्तुतीचे, म्हणजे देवाचे आभार मानायच्या दानाचे, पाकीट दिले आणि पाळकांना विनंती केली की वेदीवरून मोठ्याने वाचा: चौथ्या कन्येच्या जन्माबद्दल. आई ही गोष्ट मला कितीदा तरी सांगायची. तेव्हा पोटातले दाखवणारे यंत्र नव्हते. आई वीस-पंचवीस वर्षे उशिरा गरोदर राहिली असती तर घरातल्या म्हाताऱ्यांनी तिला कुठे नेले असते, हा प्रश्न रात्रपाळीला मला अनेकदा पडला आहे.

आता तो अध्याय. शेतात कुणाचे प्रेत सापडले आणि मारणारा कोण ते कळत नाही, तेव्हा काय करायचे, ते तिथे सांगितले आहे. वडिलांनी, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी, आणि न्यायाधीशांनी बाहेर पडायचे आणि प्रेतापासून भोवतालच्या गावांपर्यंतचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळचे निघेल त्या गावच्या वडिलांनी, मानेवर कधी जू न पडलेली कालवड घेऊन, जिथे नांगरट झालेली नाही अशा वाहत्या ओढ्याकाठी जायचे. तिथे तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि देवासमोर म्हणायचे की हे रक्त आमच्या हातांनी पाडले नाही, आमच्या डोळ्यांनी ते पडताना पाहिले नाही; निर्दोष रक्ताचा दोष तुझ्या लोकांवर राहू देऊ नको.

मोजणीचे आपल्याला नवल नाही. 1956 पासून या भागात दुसरे काय चालले आहे? महाराष्ट्र मागत असलेल्या 865 गावांचा आकडा इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतो. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे. कुठले गाव कुणाच्या हद्दीत, यावर आपण पिढ्या खर्च केल्या. पण प्रेत सापडले की तीच मोजणी हद्द आमची नाही हे दाखवायला होते. मोशेच्या नियमशास्त्रात मोजणी असते ती ज्याच्या अंगावर येईल त्याने पुढे व्हावे म्हणून.

वडील बंधूंनो, प्रेते सापडली आहेत. 2017 च्या मार्चमध्ये म्हैसाळमध्ये, ओढ्याच्या काठी, प्लास्टिकच्या पिशव्यांत पुरलेले 19 भ्रूण निघाले. म्हैसाळ महाराष्ट्रात, मिरज तालुक्यात. पण कागवाडहून ते किती दूर आहे हे तुम्हाला सांगायला नको. तिथे नेलेल्या बायकांत आपल्या बाजूच्याही होत्या. आणि हे सगळे उघडकीला आले ते एक विवाहित तरुणी तिथे गर्भपातात दगावली म्हणून. तीही कुणाची तरी मुलगीच होती, हे बातमीच्या गडबडीत मागे पडले. मग 2022 चा जून. या वेळी सीमेच्या अलीकडे, आपल्याच जिल्ह्यात, मुडलगीत: डब्यांत भरून नाल्यात टाकलेले सात भ्रूण. 2023 च्या नोव्हेंबरात खाली मंड्याकडे तर उसाच्या गुऱ्हाळात सोनोग्राफीचे यंत्र लावलेले सापडले. गुऱ्हाळे आपल्याकडेही आहेत.

ओढा, नाला, वाहते पाणी. अनुवादातला विधी जिथे व्हायचा तशीच ही जागा आहे. म्हैसाळनंतर किंवा मुडलगीनंतर आपल्या एखाद्या चर्चमधून कोणी वडील बाहेर पडले का? मी दोन्ही वेळा पुढच्या रविवारी उपासनेत होते. मध्यस्थीच्या प्रार्थनेत पावसाची आठवण झाली, परीक्षांना बसलेल्या मुलांची झाली. ओढ्याचे नाव निघाले नाही.

इसवी सन 200 च्या सुमारास यहुदी गुरूंनी जुळवलेल्या मिश्ना या ग्रंथात या विधीवर एक प्रश्न विचारला आहे: वडिलांनी खून केला असे कुणाच्या मनात तरी येईल का? मग त्यांना हात का धुवायला लावायचे? उत्तर असे, की ते वडील देवाला सांगत असतात: हा माणूस आमच्या दारी आला आणि आम्ही त्याला भाकरीवाचून पाठवले असे झाले नाही, आम्ही त्याला पाहिले आणि सोबत न देता वाटेला लावले असे झाले नाही. हे वाचल्यापासून माझी झोप कमी झाली आहे. कारण आमच्या दारी एक जण आली होती, आणि मी तिला सोबत न देता वाटेला लावले.

तिला विचारून लिहिते आहे. काही वर्षे झाली. आमच्याच मंडळीतली, दोन मुलींची आई. उपासना सुटल्यावर नळापाशी मला गाठून म्हणाली, "सिस्टर, तपासून आलोय. शुक्रवारी या म्हटलं त्यांनी." मला कळले. सोमवारी या म्हटले की मुलगा आणि शुक्रवारी म्हटले की मुलगी, ही त्यांची इंग्रजी आद्याक्षरांवरून चालणारी भाषा आम्ही नर्सा ओळखून आहोत. बाहेर भिंतीवर येथे गर्भलिंग तपासणी होत नाही असा फलक असतो, आत वार सांगितला जातो. ती म्हणाली, "आत्याबाई म्हणत्यात पलीकडं नेऊया. मला जायचं न्हाई, सिस्टर. कोण तरी घरात येऊन सांगा की." मी म्हणाले, पाळकसाहेबांना भेट, ते बोलतील. माझी संध्याकाळची पाळी होती, मी निघाले. ती ऑफिसपर्यंत गेली. पवित्र आठवडा जवळ आला होता, कामाची गर्दी होती. तिला ईस्टरनंतर या म्हणून सांगितले गेले.

ईस्टरच्या आत ती माझ्याच वॉर्डात आली, रिक्षातून, अंगात ताप आणि सेप्टिक झालेले. जीव वाचला. गर्भाशय काढावे लागले. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात देव काइनाला सांगतो की तुझ्या भावाचे रक्त जमिनीतून माझ्याकडे ओरडते आहे. तिथे मूळ हिब्रूत रक्त हा शब्द अनेकवचनी आहे. मिश्नातले गुरू म्हणतात, हाबेलाचे रक्त आणि त्याच्या पुढे जन्मणार होत्या त्या सगळ्यांचे. ऑपरेशननंतर तिच्या उशाशी बसले होते तेव्हा हे मला आठवले नाही. तेव्हा मी फक्त सलाइन मोजत होते.

पुढे काय झाले ते मंडळीला ठाऊक आहे, तरी लिहिते. सासूनेच बोभाटा केला. कमिटी बसली. तिला पत्र गेले, त्यात निर्गमाचा विसावा अध्याय, तेरावे वचन लिहिले होते: खून करू नको. तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात आले. जिने तिला पलीकडे नेले ती सासू पहिल्या बाकावर बसून भाकर आणि द्राक्षारस घेते. ज्याने पैसे भरले तो नवरा अर्पणाची थैली फिरवतो. ती मागच्या बाकावर बसते आणि प्रभुभोजनाच्या रविवारी आशीर्वादाआधीच उठून जाते. तिच्या दोन मुली आईबरोबर उठून जायचे की बसायचे म्हणून एकमेकींकडे पाहतात. हे मी दर महिन्याला पाहते, आणि तुम्ही वेदीवरून माझ्यापेक्षा स्पष्ट पाहता.

म्हणून कमिटीच्या पत्रातल्या पहिल्या वाक्यावर माझा आक्षेप आहे. हा विषय उपासनेच्या ठिकाणी शोभत नाही म्हणता, तर तिला दिलेल्या पत्रात ही आज्ञा कशी शोभली? एकट्या बाईला वाचून दाखवायला जी आज्ञा चालते, ती सगळ्या मंडळीसमोर, पुरुष बसलेले असताना, का चालत नाही?

दुसरे वाक्य: आपल्या लोकांत असे प्रकार होत नाहीत. मी महिला मंडळाची खजिनदार होते. उपकारस्तुतीच्या नोंदींची वही काढून पाहा. मुलाच्या जन्माबद्दलची उपकारस्तुती पानापानावर आहे. मुलीच्या जन्माबद्दलची शोधावी लागते, आणि सापडते ती बहुधा पहिलटकरणीची. मुलगी झाली की आपण "बरं झालं, लक्ष्मी आली" म्हणतो. शब्द शेजाऱ्यांचे उसने घेतलेले आणि आवाज पडलेला. आपल्याही घरांत वारस हवा असतो. आपल्याही घरांत तिसऱ्या मुलीच्या बारशाला पेढे येत नाहीत. यंत्र धर्म विचारत नाही आणि पलीकडे जाणाऱ्या गाडीत बायबल घेऊन बसलेल्या सासवा मी पाहिल्या आहेत.

मी पंडित नाही, पण आज्ञा मुळातून समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. आपण तिला सहावी म्हणतो, खानापूर-लोंढ्याकडचे आपले कॅथलिक भाऊबंद पाचवी म्हणतात. मोजण्याची रीत वेगळी, आज्ञा एकच. हिब्रूत तिथे रात्साख हा शब्द आहे. पशू मारण्याला तो वापरत नाहीत. गणनाच्या 35 व्या अध्यायात चुकून माणूस मारणाऱ्यालाही तोच शब्द लावला आहे, म्हणून तर त्याला आश्रयनगरात पळून जावे लागते. आणि राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात एलीया संदेष्टा अहाब राजाला तोच शब्द तोंडावर विचारतो: तू खून केलास आणि वतनही घेतलेस काय?

अहाबाला नाबोथाचा मळा हवा होता, पण त्याने नाबोथाला हात लावला नव्हता. तो पलंगावर तोंड फिरवून पडला होता. पत्रे राणी ईजबेलीने लिहिली, शिक्का राजाचा उठवला. दगड दुसऱ्यांनीच मारले. तरी देवाने खुनी म्हटले ते अहाबाला. दावीद राजाने उरीयाला लढाईत मारवले तेव्हाही तलवार अम्मोन्यांची होती, आणि नाथान संदेष्टा दावीदाला म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. जो पाठवतो, जो पैसे मोजतो, जो नको म्हणायला तोंड असून पलंगावर पडून राहतो, त्याला पवित्र शास्त्र बाजूला काढत नाही. आपण काढतो. आपण फक्त जिच्या पोटात ते घडले तिला धरतो.

नाबोथाच्या गोष्टीत आणखी कोण आहेत ते पाहा. ईजबेलीची पत्रे गेली ती त्या गावच्या वडिलांना. नाबोथाच्या शेजाऱ्यांना. त्यांनी उपास पुकारला, सभा भरवली, खोटे साक्षीदार बसवले आणि पत्रात जसे लिहिले होते तसे केले. एकही वडील उठून म्हणाला नाही की हे चुकते आहे. शास्त्रात दोन प्रकारचे वडील आहेत, बंधूंनो: एक प्रेत कुणाचे ते ठाऊक नसताना दोरी घेऊन मोजायला निघणारे, दुसरे ओळखीच्या माणसाच्या मरणावर ठराव करणारे. आपली कमिटी यांपैकी कुठे बसते हे मी ठरवणार नाही. तुम्हीच ठरवा, पण दोन्ही अध्याय उघडे ठेवून.

आणि सगळे कशासाठी, तर वतनासाठी, वारसासाठी. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या, बापाला मुलगा नाही म्हणून त्याचे नाव का पुसायचे, आम्हाला वाटा द्या म्हणाल्या, आणि देव मोशेला म्हणाला, त्या बरोबर बोलत आहेत. या देशात 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तरी आपण वंशाचा दिवा शोधत पलीकडे जातो.

मी सुईणीचे काम केलेली बाई आहे, म्हणून निर्गमाचा पहिला अध्याय मला घरचा वाटतो. शिप्रा आणि पुवा. फारोने त्यांना सांगितले, मुलगा झाला तर मारा, मुलगी झाली तर जगू द्या. त्यांनी ऐकले नाही. ज्या राजाने हुकूम काढला त्याचे नाव त्या पुस्तकात दिलेले नाही. त्या दोघींची नावे आहेत. आपल्याकडे हुकूम उलटा आहे, आणि तो राजवाड्यातून येत नाही. स्वयंपाकघरातून येतो.

हा उलटा हुकूमही जुनाच. मिसरात ऑक्सिऱ्हिंकस या ठिकाणी उकिरड्यांत सापडलेल्या कागदांमध्ये एक पत्र आहे, इसवी सनापूर्वी 1 या वर्षातले, म्हणजे आपल्या प्रभूच्या जन्माच्याच काळातले. हिलारियोन नावाचा माणूस कामासाठी आलेक्झांड्रियाला गेलेला. बायको आलिस गावी, गरोदर. तो लिहितो, पगार मिळाला की पाठवतो, लहानग्याला सांभाळ, मी तुला विसरेन कसा, काळजी करू नको. आणि मध्येच: बाळंत झालीस आणि मुलगा असला तर राहू दे, मुलगी असली तर टाकून दे. पत्रात राग नाही. प्रेमाचे पत्र आहे. ऊसतोडीला गेलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही नवऱ्याने फोनवर असेच बोलावे. त्या जगात पहिली मंडळी उभी राहिली, आणि तिने हे नाकारले. दिदाखे या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती शिकवणीत गर्भातले लेकरू मारू नको आणि जन्मलेलेही मारू नको हे वाक्य खुनाच्या आज्ञेच्याच यादीत आहे. तेव्हा ती मंडळी मूठभर होती, छळ सोसत होती. तिला हा विषय अशोभनीय वाटला नाही.

आपल्या भीतीची मला कल्पना आहे. 2021 च्या डिसेंबरात बेळगावच्याच अधिवेशनात धर्मांतराविरुद्धचे विधेयक विधानसभेने मंजूर केले, तेव्हा आमच्याकडे घरच्या प्रार्थनाही बंद पडल्या होत्या. कुणाच्या डोळ्यावर यायचे नाही, हे तेव्हापासून अंगात मुरले. पण पोटातल्या मुली मारू नका, असे आपल्याच माणसांना सांगण्यात कुठला कायदा मोडतो? उलट तो कायद्याचाच हुकूम आहे. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा केंद्राचा कायदा 1994 चा. महाराष्ट्राने तर 1988 लाच स्वतःचा केला होता. त्या कायद्यातली एक गोष्ट मला आपल्या शिस्तीपेक्षा जास्त ख्रिस्ती वाटते: तपासणी झाली तर न्यायालयाने असे धरायचे की गरोदर बाईला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले, तसे नसेल तर ते समोरच्याने सिद्ध करायचे. संसदेला जे सुचले ते आपल्या कमिटीला सुचले नाही.

माझे म्हणणे ताणून वाचू नका. बाळंतपणात आईचा जीव धोक्यात आल्यावर डॉक्टरांनी काय करावे, हा या पत्राचा विषय नाही; अशा रात्री मी पाहिल्या आहेत आणि तिथे कुणावर बोट उगारायचे धैर्य मला नाही. निर्गम 21 मधल्या मारामारीत धक्का लागलेल्या गर्भवतीच्या नियमाचे जाणकार दोन अर्थ करतात, तेही मला ठाऊक आहे. पण निरोगी आईच्या पोटातले निरोगी लेकरू केवळ मुलगी म्हणून काढून ओढ्यात टाकायचे, याला दोन अर्थ नाहीत. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला, नर आणि नारी असे केले, हे पहिल्याच अध्यायात आहे. आणि पुराच्या नंतर नोहाला मनुष्याचे रक्त पाडू नको म्हणताना कारण दिले ते हेच.

आता माझ्या मागण्या.

त्या बहिणीवरची शिस्त येत्या प्रभुभोजनाआधी उठवा. तिने पश्चात्ताप केव्हाच केला आहे, तिच्याबरोबर रडलेली मी आहे. आणि शिस्त हवीच असेल तर नवरा आणि सासू यांनाही बोलवा, बंद दाराआड, प्रेमाने, पण बोलवा. कमिटीही तिला एक शब्द देणे लागते: ईस्टरनंतर या म्हणालो ते चुकले, असा. माझ्या वाटचे मी तिला सांगून झाले आहे.

संमेलनात विषय परत घ्या. मुख्य उपासनेत, सकाळच्या वेळी, पुरुषांसमोर. दुपारी जेवणानंतर, भगिनी भांडी घासत असताना, मागच्या खोलीत नको. बोलायला मीच हवी असे नाही. पाळकसाहेब बोलले तर अधिक चांगले, मी ऐकायला बसेन.

लग्नाआधी वधूवरांना तुम्ही बोलावता तेव्हा दोन्हीकडच्या आईबापांनाही बसवा आणि गर्भलिंग तपासणी करणार नाही, करायला लावणार नाही, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. मुलीच्या जन्माची घोषणा वेदीवरून व्हावी, पाकीट आले असो वा नसो. यादी जन्मनोंदीवरून करा.

प्रत्येक मंडळीत दोन बायका नेमा, ज्यांच्याकडे अशी घाबरलेली सून कुठल्याही वेळी जाऊ शकेल आणि ज्या तिच्याबरोबर घरी जाऊन बसतील. पहिले नाव माझे लिहा. मिश्नातल्या भाषेत सांगायचे तर सोबत द्या. ही मागणी सगळ्यांत स्वस्त आहे आणि हिनेच जीव वाचतात, हे मी वॉर्डातून सांगते.

आणि एक मागणी सीमेच्या दोन्ही बाजूंची आहे. म्हैसाळ त्यांचे, मुडलगी आपले, असे म्हणून तपास दोन राज्यांत अडकतो. कायदा मात्र केंद्राचा, एकच. मिरज, सांगली, गडहिंग्लज, कोल्हापूरचे पाळक आणि आपले पाळक एकदा एका ठिकाणी बसा. दोन्हीकडच्या जिल्ह्यांच्या समुचित प्राधिकाऱ्यांना, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यांना, मिळून एक पत्र लिहा: सीमेपलीकडे बायका नेणाऱ्या एजंटांची माहिती एकमेकांना द्या, नोंद नसलेली यंत्रे मिळून शोधा. शेकडो माणसांच्या सह्या आपण एका रविवारी गोळा करू शकतो. सीमाप्रश्नासाठी आपण सह्या केल्याच आहेत.

बंधूंनो, कमिटी मोजायला निघत नाही म्हणून एक अंतर मी मोजले. आमच्या चर्चच्या फाटकापासून त्या थांब्यापर्यंतचे, जिथून तिला पलीकडच्या गाडीत बसवले. सावकाश चालले, गुडघे दुखतात. दोनशे चौदा पावले भरली. त्या सकाळी चर्च उघडे होते. प्रार्थनेची घंटाही झाली असणार.

संमेलनाला अजून सहा आठवडे आहेत. छापील कार्यक्रमपत्रिका अजून गेलेली नाही, मी छापखान्यात विचारले आहे. उत्तर माझ्या घरी पाठवू नका. रविवारी वेदीवरून वाचा, ती मागच्या बाकावरून उठून जाण्याआधी.

आपली बहीण,
एक निवृत्त परिचारिका, निपाणी
(नाव कमिटीला ठाऊक आहे.)